उशाशी कोण बसणार?

"भूल दे बाई, मी न्हाय म्हनत न्हाय. पर दुखू नये म्हनून जे टोचत्यात, ते इंजेक्शन मला नगं," आत्ती म्हणाल्या आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्या तासगावाकडे सासूला आत्तीच म्हणतात. बेदाण्याच्या शेडमध्ये नको म्हणत असताना क्रेट उचलायला गेल्या, पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. मिरजेच्या एका हाडांच्या दवाखान्यात त्यांना आणलं होतं. पाय वजन लावून ताणून बांधलेला, कूस बदलता येत नाही, आणि तशात बाईंचं अटी घालणं चालू होतं.

मी तेव्हा एसटीत वाहक होते. ड्युटी संपवून थेट आले होते, अंगावर खाकी तशीच. भरलेल्या गाडीत दारातली माणसं आत सरकवायची मला सवय. दारू पिऊन आलेल्यालाही मी तिकीट काढायला लावलेलं आहे. पण आत्तींनी एकदा भिंतीकडे तोंड केलं, की माझी घंटी तिथे वाजायची नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टर मुजावर पलंगाच्या कडेला उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील. कपाळावर थेटरातल्या टोपीचा वळ, आवाज मऊ, पण मुद्दा सोडायच्या नाहीत.

"का नको, आजी?"

"सोसतंय मला."

"आत्ता सोसतंय. तिथं हाड कापायचं असतं, ठोकायचं असतं."

"मी झोपल्याली असनार न्हवं? मग मला काय कळनार हाय?"

"तुम्हाला नाही कळणार. अंगाला कळतं," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस झोपलेला असला तरी दुखणं आत पोचतंच. तोंड ओरडत नाही एवढंच. छाती धडधडायला लागते, बीपी वर जातं. तुमचं हृदय आधीच ताल सोडून चालतंय, आजी. एवढा धक्का त्याला झेपायचा नाही."

त्या हृदयासाठीच आत्तींना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. त्यामुळे पाठीत सुई टोचून कमरेखालचं अंग बधिर करायचा मार्ग बंद झाला होता. पूर्ण भूल द्यायची, आणि तिच्या जोडीला दुखणं मारणारं औषध शिरेतून द्यायचं, एवढंच हाती उरलं होतं.

"मग ऱ्हाऊ दे. आपरेशनच नगं," आत्ती भिंतीला म्हणाल्या.

पायथ्याशी माझे मोठे दीर उभे होते, भगवान भावजी. ते घाईने पुढे झाले. "आई, असं काय करती? डॉक्टर, तुम्ही लिहा. तिला आपन तयार करू."

"मला आधी थोडं विचारायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "घरात कुणाला भुलीचा, इंजेक्शनाचा कधी त्रास झालाय? कुणाला काही वाईट अनुभव?"

"न्हाई. कुनालाच न्हाई," भावजी प्रश्न संपायच्या आत म्हणाले.

"आजींचे मालक?"

"वडील म्हातारपनानं गेले. आनि धाकटा भाऊ अटॅकनं. हिचे मिस्टर." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हे मान हलवणं इतक्या वर्षांत माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की खोटं बोलतोय असं मानेलाही वाटायचं नाही.

बाहेर बाकड्यापाशी भावजींनी मला गाठलं.

"शालन, तू समजाव. ती तुझंच ऐकती."

"माझं कधी ऐकलंय त्यांनी? मी क्रेट उचलू नका म्हटलं होतं."

"चेष्टा नगं गं आता." त्यांनी बाकड्यावर अंग टाकलं. "हाडाचे डॉक्टर काय म्हनले ऐकलंस न्हवं? हाड बसवलं न्हाई तर ती परत उठत न्हाई. पडून पडून पाठीला जखमा, छातीत कफ. या वयात मानूस असा किती दिस टिकनार?"

ऐकलं होतं मी. आणि आत्ती जाव्यात असं मला कसं वाटेल? जालिंदर, माझा नवरा, गेल्यावर माहेरच्यांनी मला घेऊन जायचा विषय काढला, तेव्हा याच बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. "ती माजी हाय," एवढंच म्हणाल्या होत्या. मी सकाळची गाडी घेऊन निघायचे, तर भाकरी बांधलेली असायची. माझ्या मुलीला, गौरीला, त्यांनीच वाढवलं. मला त्या हव्या होत्या, अगदी हट्टाने हव्या होत्या.

पण ते इंजेक्शन घ्या असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते?

जालिंदर अटॅकने गेलाच नव्हता. सांगलीला एका दवाखान्यात तो थेटरात मदतनीस होता. पेशंटला उचलून टेबलावर घ्यायचं, दिवे फिरवायचे, सामान मांडायचं. हसरा माणूस. एका दुपारी कपडे बदलायच्या खोलीचं दार आतून बंद होतं ते कुणाला तरी फोडावं लागलं. तो बाकावर बसल्याबसल्याच गेला होता. शेजारी सुई होती. ऑपरेशनात पेशंटला देऊन उरलेलं औषध तो खिशात घालून आणायचा, असं तिथल्या मोठ्या सिस्टरांनी मला कोपऱ्यात नेऊन, औषधाचं नाव घेऊन सांगितलं. त्या सांगताना रडत होत्या. मी रडले नाही. मला आधी राग आला, आणि तो राग फार दिवस माझ्यासोबत ड्युटीवर यायचा.

घरी यायच्या आधी भावजींनी मला गाडीतच सांगितलं, "आईला यातलं कळता कामा नये. तिला कळलं तर ती मरंल." गौरी माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्या डोक्यावर माझा हात ठेवून त्यांनी मला शपथ घातली. तेव्हापासून अटॅक. शेजारी अटॅक, माहेरी अटॅक, गाडीत कुणी ओळखीचं भेटलं तरी अटॅक. चांगली माणसं देव लवकर नेतो असं लोक म्हणायचे, आणि आत्ती पदराने डोळे पुसायच्या, आणि मी तिकिटं फाडायचे.

आता बहुतेक तेच औषध आत्तींच्या शिरेत जाणार होतं. तेच आहे का, हे तरी मला कळायला हवं होतं. भावजी नारळपाणी आणायला गेले तेव्हा मी डॉक्टरांना शोधत थेटराकडे गेले.

बाजूच्या छोट्या खोलीत त्या डबा उघडून बसल्या होत्या.

"या. खाल्लंत का काही?"

"मॅडम, त्या इंजेक्शनाचं नाव काय?"

त्यांना नवल वाटलेलं दिसलं. असं कुणी विचारत नसावं. "फेंटानिल," त्या म्हणाल्या.

"माझे मिस्टर त्यानंच गेले," मी म्हणाले.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलत होते. माझाच आवाज मला परका वाटला. मग बाकीचं सगळं बाहेर आलं. खोली, दार, सुई, शपथ, सगळं. डॉक्टरांनी डबा बाजूला सारला.

"बरं झालं सांगितलंत," शेवटी त्या म्हणाल्या. "आजींना माहीत आहे?"

"नाही. कळलं तर जीव सोडतील."

"मग त्या कशाला घाबरतायत?"

"आमच्या गल्लीतली एक बाई ऑपरेशनातून उठलीच नाही. तेच घेतलं असेल मनावर."

"पण ती भीती भुलीची झाली," डॉक्टर म्हणाल्या. "भूल घ्यायला त्या तयार आहेत. नको आहे ते फक्त दुखणं थांबवणारं औषध. असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. लोक उलटं सांगतात, काय वाटेल ते करा पण दुखू देऊ नका."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या उठल्या आणि मला भिंतीतलं एक लोखंडी कपाट दाखवलं. त्याला दोन कुलपं होती. "एक किल्ली माझ्याकडं, एक सिस्टरांकडं. दोघी असल्याशिवाय उघडत नाही. दिल्यावर उरलं तर ते दोघींच्या देखत ओतून टाकायचं. कुणाच्या खिशात जाऊ द्यायचं नाही."

मला एकदम संताप आला. "तिथंही असतीलच की अशी कुलपं. मग त्यानं कसं काढलं?"

"असतील, किंवा नावाला असतील. मी तिथं नव्हते." त्या माझ्याकडे वळल्या. "कुलपं चोरासाठी असतात हो. तुमच्या मिस्टरांना आजार लागला होता. त्याचा इलाज करायला पाहिजे होता कुणीतरी."

आजार हा शब्द त्याच्या बाबतीत कुणी वापरलेला मी ऐकला नव्हता. सिस्टरांनी व्यसन म्हटलं होतं, भावजींनी पाप म्हटलं होतं. मी डोळे पुसले, खाकीच्या बाहीनेच.

"औषध वाईट आहे का मग?" मी विचारलं.

"औषध कामाचं आहे. पण ते दुखणं थांबवता थांबवता श्वासही मंद करतं. जास्त झालं तर माणूस श्वास घ्यायचा विसरतो. म्हणून ते थोडं थोडं द्यायचं, वजन बघून, वय बघून, आणि नजर हलवायची नाही. आजींना मी मांडीच्या नसेजवळ बधिर करणारं औषधही देणार आहे, म्हणजे हे कमीच लागेल. उताऱ्याचं इंजेक्शन भरून शेजारी ठेवलेलं असतं. अजिबातच न देता करा म्हणाल, तर त्यांच्या हृदयाचा भरवसा मी देऊ शकत नाही. खरं तेच सांगते."

"आणि श्वास विसरल्या तर?"

"तर मी त्यांच्या वतीनं घेते. तेवढ्यासाठीच मी तिथं असते. चला, आजींशी मी बोलते. तुमचं मी काही काढणार नाही."

आत्ती जाग्याच होत्या. कळ आली की त्या पदराचं टोक दातात धरायच्या, तसं ते ओलं झालं होतं. एवढं हाड मोडलं, पण बाईंनी तोंडातून ब्र काढला नव्हता. सिस्टर विचारायची, "आजी, दुखतंय?" उत्तर ठरलेलं, "न्हाय." वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, काय सोशिक बाई आहे. मलाही कौतुकच वाटायचं.

डॉक्टर स्टूल ओढून अगदी उशाशी बसल्या.

"आजी, उद्या मी इथंच बसणार. अशीच. तुमच्या उशाशी."

आत्तींनी मान वळवली. "आनि चिरनार कोन?"

"ते हाडांचे डॉक्टर. ते पायाकडं. माझं काम इकडं. तुमचा श्वास बघायचा."

"सगळा येळ?"

"सगळा वेळ."

"उटून जातीस की मधनं."

"नाही जात."

"च्या प्यायला?"

"चहालाही नाही."

"फोन आला तर?"

"आजी, थेटराला आग लागली तरी तुम्हाला घेऊनच बाहेर पडणार."

एरवी आत्ती यावर हसल्या असत्या. त्या छताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "आनि एकादा एकलाच आसला तर? खोलीत. दार लावून?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या आत्तींकडेच बघत होत्या.

"मग फार धोका असतो, आजी," त्या हळूच म्हणाल्या.

"माज्या जालिंदराच्या उशाला कुनी न्हवतं," आत्ती म्हणाल्या.

"आत्ती," मी म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी तिथे उभी आहे हे त्या विसरल्या असाव्यात. चेहरा असा पडला, की मला त्यांची दया आली. "तुला कुनी सांगितलं?" त्या पुटपुटल्या. "मी खोदून इचारलं तवा भगवाननं सांगितलं, आनि शपथ घातली मला. गौरीच्या डोक्यावर हात ठिवून. शालनला कळलं तर ती पोरीला घिऊन हिरीत उडी टाकंल म्हनला."

"मलाही तीच शपथ घातलीय."

"तुला?"

"तुम्ही मराल म्हणाले."

आम्ही दोघी एका घरात, एका चुलीपाशी, एकाच माणसासाठी रडत होतो, आणि रडताना सुद्धा एकमेकींपासून लपत होतो. ती मरेल म्हणून मी गप्प, मी मरेन म्हणून ती गप्प. भावजींनी दोघींचाही जीव वाचवला होता, आणि दोघींनाही एकटं पाडलं होतं.

"पर मला त्याच्या आदीच ठावं हुतं," आत्ती म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं. आंगोळीला बसला हुता पाटावर. मी तेल लावत हुते. ल्हानपनापास्नं मीच लावती, तुला ठावं हाय. पायाला तेल चोळताना घोट्यापाशी टिपकं दिसलं. बारीक बारीक. मी म्हनलं, काय रं ह्ये? तर म्हनला, आई, पेशंट उचलून उचलून पाट कामातनं गेली. टोचून घेतलं की बरं वाटतंय." त्यांनी पदराचं टोक तोंडाकडे नेलं, पण धरलं नाही. "मला वाटलं, दवाखान्यातलं औषीद, त्यात काय वाईट आसनार? मी म्हनलं, दुकत आसंल तर घे बाबा. माज्या तोंडानं म्हनले, शालन. पाटीवर तेलाचा हात फिरवत म्हनले, घे."

वॉर्डात कुणाचा तरी रेडिओ चालू होता. डॉक्टर खाली मान घालून बसल्या होत्या.

"त्येला घे म्हनले आनि तो गेला. आनि आता माजं दुकनं थांबवायला मी त्येच घिऊ? मला सोसू दे. तेवढं तरी मला सोसू दे."

तेव्हा मला उमगलं, की इतके दिवस जिला आम्ही सोशिक म्हणत होतो, ती बाई शिक्षा भोगत होती. आणि ती संपवायचा तिचा विचार नव्हता. मला त्यांना मिठी मारायची होती, पण ताणलेल्या पायाला धक्का लागेल म्हणून मी फक्त त्यांचं डोकं धरलं.

"आत्ती, तुम्हाला काय माहीत होतं त्यातलं? तुम्ही शिकला होता का डॉक्टरकी?"

"आई हुते की."

याला उत्तर डॉक्टरांनी दिलं, आणि तेही समजूत काढल्यासारखं नाही, चांगल्या रागावलेल्या आवाजात.

"आजी, ऐका. तुम्ही घे म्हणालात तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, किती घ्यायचं, कुठं थांबायचं, घेतल्यावर काय होतं. मला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं तेवढंच शिकलेय मी. आता घ्या असं मी म्हणतेय. त्याचा भार माझ्यावर. तुमच्यावर नाही, तुमच्या सुनेवरही नाही."

तेवढ्यात भावजी नारळपाणी घेऊन आले. आम्हाला तसं बघून दारातच थांबले. जुन्या सवयीने आम्ही दोघींनीही चटकन डोळे पुसले. मग आत्तीच म्हणाल्या, "भगवाना, ये. हिला सगळं ठावं हाय ह्ये मला कळलं. आनि मला ठावं हाय ह्ये हिला. तू आता शपथा घालत हिंडू नगंस."

भावजी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग एवढा मोठा गडी खाली फरशीवरच बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. "दोघी एकमेकींजवळ बोलला असता तर दोघीबी खचला असता, असं वाटलं मला," ते हुंदक्यांतून म्हणाले. त्या लपवाछपवीचं ओझं सगळ्यात जास्त त्यांनीच वाहिलं होतं, हे मला त्या क्षणी दिसलं. माझा त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथे सांडून गेला.

आत्तींनी नारळपाणी घेतलं नाही. डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या, "उटून जायचं न्हाई."

"नाही."

"मग दे."

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेलं. थेटराच्या दाराला एक गोल काच होती. सिस्टरने तिथून हटवायच्या आधी मला जरासं दिसलं. पायाकडे हिरव्या कपड्यातली गर्दी होती, हाडांचे डॉक्टर काहीतरी मागत होते. आणि डोक्याकडे एकटी बाई बसलेली. एक हात आत्तींच्या हनुवटीशी, डोळे समोरच्या पडद्यावर, मग छातीवर, परत पडद्यावर. ती गर्दीकडे बघतच नव्हती. माझ्या मनात आलं, जालिंदरने असं रोज पाहिलं असेल. उशाशी बसलेलं माणूस त्याला रोज दिसत असेल, आणि तरी तो जाऊन दार लावून घेत असेल. कसलं दुखत असेल त्याला? पाठीचंच, की आणखी काही? हे त्याला विचारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. आत्तींना बाहेरच्या खोलीत आणलं, तेव्हा त्या गाढ झोपेत होत्या, नाकाला ऑक्सिजन, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. चेहऱ्यावरच्या आठ्या गेल्या होत्या. किती तरी दिवसांनी त्या मला निवांत दिसल्या. मला फार बरं वाटलं.

डॉक्टर मुजावर तिथेही उशाशीच होत्या. मध्येच त्या वाकल्या. "हौसाबाई! श्वास घ्या. मोठा."

आत्तींनी झोपेतच दीर्घ श्वास घेतला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. या वेळी डॉक्टरांनी खांदा जरा जोरात हलवला आणि हनुवटी वर उचलून धरली. मी बघत होते, आणि मलाही दिसलं. छाती वर आली, खाली गेली, आणि मग तशीच राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझाच श्वास अडकला होता.

"हौसाबाई! झोपू नका, श्वास घ्या!"

छाती वर आली.

"झोपू द्या की मॅडम तिला," दारातून भावजी कळवळून म्हणाले. "किती दिवसांनी शांत झोपलीया. कशाला उठवताय?"

"ही शांतता मला नकोय," डॉक्टर वळूनही न बघता म्हणाल्या.

मीही भावजींसारखंच म्हणाले असते. निवांत झोपलेल्या माणसाला कोण उठवतं? आमच्या घरी तर झोपलेल्या माणसाजवळून बांगड्या वाजू देत नाहीत. जालिंदर घरी असा कधी गाढ झोपायचा, तेव्हा आत्ती गौरीला दामटून गप्प बसवायच्या, दमून आलाय म्हणून.

औषधाचा अंमल उतरेपर्यंत डॉक्टर हलल्या नाहीत. कुणी तरी त्यांच्यासाठी चहा आणून ठेवला होता. त्याच्यावर साय धरली.

आत्तींनी डोळे उघडले ते त्यांच्याकडेच. जीभ जड होती. "गेलीस का... उटून?" त्यांनी विचारलं.

"नाही गेले, आजी. तुमच्या सुनेला विचारा."

आत्तींची नजर माझ्यावर आली. मी मान हलवली. या वेळी खरी.

ही गोष्ट झाल्याला आता बरीच वर्षं लोटली. आत्ती काठी घेऊन पुन्हा चालल्या, शेडमध्ये बसून बेदाणा निवडला, गौरीच्या लग्नात मांडवात खुर्ची टाकून सगळ्यांना हुकूम सोडले. मग त्यांच्या वेळेला गेल्या. पण मला त्या आठवतात त्या ऑपरेशनाच्या दुसऱ्या दिवशीच्या.

सकाळी त्यांना आधार देऊन बसवायचं होतं. दोन सिस्टरांनी दोन्हीकडून धरलं, मी पाठ धरली. त्या अर्ध्या उठल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आजी, दुखतंय का?" सिस्टरने विचारलं.

मला उत्तर पाठ होतं. आत्तींनी पदराचं टोक शोधलं, ते तोंडाकडे नेलं, आणि हातातून सोडून दिलं.

"दुकतंय," त्या म्हणाल्या. "लई दुकतंय गं शालन."

आणि मग त्या रडल्या. खोकला येतो तसं आतून, अंग हलवून, सगळ्या वॉर्डादेखत. मध्येच त्यांनी जालिंदरचं नाव घेतलं. त्याच्या मातीलाही या बाईंनी असा हंबरडा फोडला नव्हता. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. मी पाठ धरून राहिले.

सिस्टरने डॉक्टर मुजावरांना विचारून औषध दिलं. थोडंसंच. कितीदा श्वास चालतो, हाक मारली की ओ देतात का, ते बघायला ती येत-जात राहिली. थोड्या वेळाने आत्तींच्या अंगातला ताठा सुटला आणि त्यांना डोळा लागला. भावजी हळूच येऊन बांधलेली भाकरी ठेवून गेले.

दुपारी आगारातून कंट्रोलरचा फोन आला. सांगलीच्या फेरीला वाहक नव्हता.

"शालनताई, पेशंट कसं आहे?"

"बरं आहे. झोपल्यात."

"मग या की. झोपलेल्या माणसाजवळ बसून काय करताय?"

"श्वास बघते," मी म्हटलं, आणि फोन ठेवून स्टूल आणखी जवळ ओढलं.